फुरसें, घोडा आणि रक्तांतील दार

पावसाळा सरत आला कीं ठाण्याच्या पूर्वेस रुळांपलीकडे वसलेल्या कोपरींत काय किंवा तिकडे कल्याण-डोंबिवलींत काय, घरोघरीं एकच प्रश्न ऐकूं येऊं लागतो : "आज प्लेटलेट किती आल्या?" डेंग्यूच्या तापानें अंथरूण धरलेल्या माणसाच्या उशाशीं बसलेली घरची मंडळी तपासणीच्या कागदावरील त्या आंकड्याकडे अशा काळजीनें पाहतात कीं परीक्षेचा निकालहि कोणी तसा पाहत नसेल. निरोगी माणसाच्या रक्ताच्या एका घनमिलिमीटरमध्यें हे कण सुमारें १,५०,००० ते ४,५०,००० असतात. आंकडा उतरला कीं जीव खालीं-वर होतो, चढला कीं हायसें वाटतें. वास्तविक डेंग्यूंत रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरून रक्तदाब खालावणें हा धोका पुष्कळदां या आंकड्याहूनहि मोठा असतो. आणि आंकडा बराच खालीं जाऊनहि ज्यांना रक्तस्राव झाला नाहीं असे रोगी कितीतरी असतात. तेव्हां नुसत्या संख्येनें सगळें कळत नाहीं. या कणांना काम कधीं करावें आणि स्वस्थ कधीं राहावें हें कोण सांगतें, हा खरा प्रश्न आहे.

त्या प्रश्नाचें उत्तर मिळावयास शंभरावर वर्षें लागलीं. तो इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे. ट्यूरिन, बर्न, पॅरिस, सेंट लुई अशीं परदेशचीं नांवें त्यांत येतील हें खरें. परंतु त्या इतिहासाची एक वाट कोंकणांतल्या कातळावरून, परळच्या प्रयोगशाळेंतून आणि पुण्याच्या घोड्यांच्या पागेंतून गेलेली आहे. ठाणें हें कोंकणाचेंच उत्तरेकडील दार. तेव्हां ही वाट आपल्या ओळखीची असावयास हरकत नाहीं.

प्रथम या कणाची ओळख करून घेऊं. मराठी पाठ्यपुस्तकें त्याला रक्तपट्टिका म्हणतात. आपणहि तेंच नांव वापरूं. १८८२ सालीं इटलींतील ट्यूरिन येथें ज्यूलियो बिझोझेरो या शास्त्रज्ञानें जिवंत प्राण्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून वाहतें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें. तांबड्या व पांढऱ्या पेशींखेरीज तिसरेंच कांहीं बारीक, चपटे, रंगहीन असे कण त्याला त्यांत वाहत असलेले दिसले. रक्तवाहिनीला इजा होतांच हे कण त्या जागीं धांवून जातात, भिंतीला चिकटतात, एकमेकांना चिकटतात आणि छिद्र बुजवितात, हें त्यानें डोळ्यांनीं पाहिलें. रक्तपट्टिकेचा व्यास मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांशांइतका. तिच्यांत केंद्रक नसतें आणि तिचें आयुष्य आठ-दहा दिवसांचें. इतक्या क्षुद्र जीवाला आपण कोठें आहों आणि काय घडत आहे हें समजण्यास डोळे नाहींत, कान नाहींत. तिच्या पृष्ठभागावर निरनिराळ्या प्रथिनांचीं दारें मात्र आहेत. शास्त्रज्ञ त्यांना ग्राही म्हणतात. दारावर ठराविक पाहुण्यानें थाप मारली कीं आंत घंटा वाजते, आणि घंटा वाजली कीं रक्तपट्टिका कामाला लागते. बाहेर मित्र आहे कीं शत्रु, याची चौकशी करण्याची सोय तिच्यापाशीं नाहीं. थाप ओळखीची लागली कीं झालें.

एखाद्या वाड्यांतलें एखादें दार कशासाठीं आहे हें कधीं कधीं तें बंद पडल्यावरच कळतें. रक्तपट्टिकांच्या बाबतींत असेंच झालें. १९१८ सालीं स्वित्झर्लंडमधील बर्न येथें एडुआर्ड ग्लान्झमान या बालरोगतज्ज्ञानें एका आनुवंशिक विकाराचें वर्णन केलें. या मुलांच्या हिरड्यांतून व नाकांतून रक्त वाही, लहानशा जखमेचें रक्त लवकर थांबेना, परंतु मोजून पाहावें तों रक्तपट्टिकांची संख्या अगदीं व्यवस्थित! दुर्बलता संख्येंत नव्हती, कर्तृत्वांत होती. १९४८ सालीं पॅरिसमध्यें झां बर्नार व झां-पिएर सूलिए यांनीं तशाच प्रकारचा दुसरा एक विकार नोंदविला. या कोड्यांचा उलगडा व्हावयास १९७० नंतरचें दशक उजाडावें लागलें. पॅरिसमध्येंच ॲलन नर्डन व झाक काएन यांनीं दाखवून दिलें कीं ग्लान्झमानच्या रोग्यांच्या रक्तपट्टिकांच्या पृष्ठभागावरील एक विशिष्ट प्रथिन नाहींसें झालेलें असतें, आणि बर्नार-सूलिए विकारांत दुसरेंच एक. म्हणजे दोन रोग ही दोन दारांच्या अभावाची कहाणी होती.

पैकीं बर्नार-सूलिए विकारांत नसलेलें दार हें भिंतीला पहिला हात घालण्याचें दार आहे. वाहत्या रक्तांतून जातां जातां रक्तपट्टिका जखमेशीं थबकते ती त्याच्या योगानें. ग्लान्झमानच्या विकारांत नसलेलें दार त्याहून संख्येनें मोठें. एकेका रक्तपट्टिकेवर तीं सुमारें ८०,००० असतात. रक्तांतील फायब्रिनोजेन नांवाचें लांबट प्रथिन या दाराला धरतें, आणि त्याचें दुसरें टोंक शेजारणीच्या दाराला. अशा रीतीनें हजारों रक्तपट्टिका हातांत हात घालून उभ्या राहतात व गुठळीचा बांध तयार होतो. विशेष हें कीं हें दार एरव्हीं मिटलेलें असतें. दुसऱ्या एखाद्या दारावर थाप पडून आंत घंटा वाजली तरच तें उघडतें. ही व्यवस्था नसती तर आपलें रक्त नसांतून वाहतां वाहतांच गोठून गेलें असतें.

आतां आपल्या कोंकणाकडे वळूं. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या जांभ्या दगडाच्या सड्यांवर, वाळलेल्या पाल्यांत आणि दगडांच्या फटींत फुरसें राहतें. हातभर लांबीचा हा साप, रंगानें मातीसारखा. अंगाच्या कडेचे करवतीसारखे खवले एकमेकांवर घासून तो खसखस असा आवाज करतो. लांबीनें लहान असला तरी त्याची दहशत मोठी. इंग्रजी अमलांत सरकारनें फुरशीं मारणाऱ्यास बक्षीस लावलें होतें. १८६२ सालच्या डिसेंबर महिन्यांत रत्नागिरी जिल्ह्यांत हें बक्षीस वाढविण्यांत आलें, तेव्हां आठवड्याभरांत लाखाहून अधिक फुरशीं मारून आणलीं गेल्याची नोंद आहे. एवढा संहार होऊनहि फुरसें नाहींसें झालें नाहीं. आजहि भाताच्या व गवताच्या कापणीच्या दिवसांत अनवाणी पायांना व उघड्या हातांना त्याचें भय असतेंच.

फुरसें चावलें म्हणजे काय होतें, हें कोंकणांतील वृद्ध माणसें कोणत्याहि पुस्तकाशिवाय सांगूं शकतात. चावल्या जागीं सूज चढते. मग हिरड्यांतून, लघवींतून, जुन्या भरलेल्या जखमांतूनसुद्धां रक्त येऊं लागतें, आणि तें थिजत नाहीं. खेडेगांवच्या दवाखान्यांत आजहि जी चाचणी करतात ती याच गोष्टीवर आधारलेली आहे. रोग्याचें थोडें रक्त कोरड्या स्वच्छ कांचेच्या नळींत घेऊन २० मिनिटें न हलवितां ठेवावयाचें आणि मग नळी कलती करून पाहावयाचें. गोठलें नसेल तर विष रक्तांत भिनलें असें समजावयाचें. या चाचणीस न वीज लागते न यंत्र, आणि तिनें कितीतरी जीव वांचविले आहेत.

असें कां होतें? फुरशाच्या विषांत अनेक प्रथिनें असतात व तीं निरनिराळ्या बाजूंनीं हल्ला चढवितात. एक विकर, ज्याला इकॅरिन म्हणतात, रक्त गोठविण्याची क्रिया अवेळीं व सर्वत्र सुरू करून देतें. त्या धांदलींत फायब्रिनोजेनचा साठा खर्ची पडतो आणि मग खऱ्या जखमेला द्यावयास कांहीं उरत नाहीं. दिवाळीच्या आधींच घरांतलें सगळें तेल जाळून टाकावें तसा हा प्रकार. दुसरीं कांहीं प्रथिनें सरळ रक्तपट्टिकेच्या दारांवर जाऊन बसतात. इकिसेटिन नांवाचें प्रथिन भिंतीला हात घालण्याच्या दारावर ठाण मांडतें. आणि इकिस्टॅटिन नांवाचें, अवघ्या ४९ दुव्यांच्या सांखळीचें, फायब्रिनोजेनच्या दारांत पाचर ठोकतें. बर्नार-सूलिए व ग्लान्झमान यांच्या रोग्यांना जें जन्मतः भोगावें लागतें, तेंच फुरसें एका दंशानें धडधाकट माणसाला भोगावयास लावतें.

इकिस्टॅटिनचें वर्णन १९८८ सालीं अमेरिकेंतील मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेंतून प्रसिद्ध झालें, आणि त्या पाचरीचा आकार नमुन्यादाखल पुढें ठेवून रसायनशास्त्रज्ञांनीं टायरोफिबान नांवाचें औषध घडविलें. १९९८ सालीं तें अमेरिकेंत मान्य झालें. हृदयाच्या रक्तवाहिनींत गुठळी बसून माणूस अत्यवस्थ होतो, त्या वेळीं गुठळी वाढूं नये म्हणून रक्तपट्टिकांचें हेंच दार कांहीं तास बंद ठेवणें इष्ट असतें. सड्यावरच्या शेतकऱ्याला ज्यानें मारलें त्याच युक्तीनें शहरांतला हृदयरोगी वांचूं लागला.

विषाची हकीकत झाली. आतां उताऱ्याकडे येऊं. १८९० सालीं बर्लिनमध्यें बेरिंग व कितासातो यांनीं दाखविलें कीं धनुर्वाताचें विष अल्प प्रमाणांत टोंचून घेतलेल्या प्राण्याच्या रक्तरसांत त्या विषाला निष्प्रभ करणारें द्रव्य उत्पन्न होतें. त्या द्रव्याला आज आपण प्रतिपिंड म्हणतों. चारच वर्षांनीं फ्रान्समध्यें आल्बेर काल्मेत व त्याच्याशिवाय फिझालिक्स आणि बेर्त्राँ यांनीं हीच युक्ति सर्पविषाला लागू केली. पुढें घोड्याला वाढत्या प्रमाणांत विष टोंचून त्याच्या रक्तरसांतून प्रतिविष काढण्याची पद्धत रूढ झाली. परंतु एका जातीच्या विषावरचें औषध दुसऱ्या जातीवर चालेल का? विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉर्ज लॅम या लष्करी डॉक्टरनें भारतांत प्रयोग करून दाखविलें कीं नागाच्या विषावरचें प्रतिविष घोणशीच्या विषापुढें हात टेकतें. प्रतिपिंड हें ज्याच्यासाठीं घडलें त्यालाच ओळखतें. हा धडा आपण लक्षांत ठेवूं. शेवटीं त्याची गरज पडणार आहे.

मुंबईंत परळ येथें जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्यें १८९९ सालीं वाल्डेमार हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊं लागली. नाग, मण्यार, घोणस व फुरसें या चारी सापांच्या विषांवर एकत्रित उतारा तयार करण्याचें काम या संस्थेनें पुढें कित्येक वर्षें केलें. त्यासाठीं घोडे लागत. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाचा शर्यतीच्या घोड्यांचा पैदास-तबेला होता. शर्यतीस निरुपयोगी झालेले घोडे तेथून हाफकिन संस्थेकडे जात. आपले घोडे देऊन दुसऱ्यानें रक्तरस काढावा त्यापेक्षां तो आपणच कां काढूं नये, असा विचार सायरस पूनावाला यांच्या मनांत आला, आणि १९६६ सालीं पुण्यांत सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. 'सीरम' म्हणजे रक्तरस. संस्थेच्या नांवांतच घोडा दडलेला आहे. हीच संस्था पुढें लसींच्या उत्पादनांत जगांत अग्रेसर झाली. ही गोष्ट सांगण्याचें कारण थोड्या वेळांत ध्यानांत येईल.

तत्पूर्वीं प्रतिपिंडाची घडण समजून घ्यावयास हवी. १९५९ सालीं इंग्लंडमध्यें रॉडनी पोर्टर यांनीं पपईच्या चिकांतील पपेन या विकरानें सशाच्या प्रतिपिंडाचे तुकडे केले. तुकडे तीन झाले. दोन एकसारखे, ते विषाला किंवा जंतूला पकडीत. तिसरा कशालाच पकडीना, परंतु त्याचे स्फटिक मात्र सुरेख होत. यावरून प्रतिपिंडाची आकृति स्पष्ट झाली : पुढें दोन हात, मागें एक शेंपूट. या कामासाठीं पोर्टर यांना अमेरिकेच्या जेराल्ड एडलमन यांच्यासह १९७२ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. हात ओळखण्याचें काम करतात हें उघड होतें. शेंपूट कशासाठीं?

शेंपूट हें इतरांस निरोप देण्यासाठीं असतें. प्रतिपिंडाच्या अंगीं स्वतः कोणाला मारण्याचें सामर्थ्य फारसें नाहीं. तें हातांनीं शत्रूला धरतें आणि मागचें शेंपूट रक्तांतल्या इतर पेशींच्या दारांत अडकवितें. पुढचें काम त्या पेशी करतात. आणि गंमत अशी कीं माणसाच्या रक्तपट्टिकेवरहि या शेंपटासाठीं एक दार आहे. संख्येनें तें फार नाहीं. ८०,००० दारांच्या त्या वाड्यांत हें कांहीं हजारांच्या आंतच भरतें. परंतु लहान दारानेंहि घरांत आग शिरूं शकते.

रक्तपट्टिका व प्रतिपिंडें यांचा संबंध ज्या प्रयोगानें जगाच्या नजरेस आला तो प्रयोग मोठा धाडसाचा होता. अमेरिकेंत सेंट लुई येथें विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरनें, जिच्या रक्तपट्टिका कारण न समजतां नष्ट होत होत्या अशा एका रुग्ण स्त्रीचें रक्त स्वतःच्या शरीरांत घालून घेतलें. कांहीं तासांतच त्याच्या स्वतःच्या रक्तपट्टिका नाहींशा होऊं लागल्या. त्याला झटका येऊन तो अत्यवस्थ झाला, आणि पुढील कांहीं दिवसांत सांवरला. त्याचा वृत्तान्त १९५१ सालीं प्रसिद्ध झाला. त्या स्त्रीच्या रक्तांत रक्तपट्टिकांविरुद्ध कांहींतरी द्रव्य होतें हें निश्चित झालें; तें द्रव्य म्हणजे प्रतिपिंडें होत, हें पुढील संशोधनानें ठरलें.

या आजारांत प्रतिपिंड रक्तपट्टिकेला हातांनीं धरतें आणि त्याच्या शेंपटाला प्लीहेंतील भक्षक पेशी पकडतात. बिचारी रक्तपट्टिका गिळली जाते. संख्या उतरते, रक्तस्राव होतो. येथवर सगळें सरळ आहे. परंतु डॉक्टरांना दुसरा एक आजार भेटला, ज्यांत रक्तपट्टिकांची संख्या उतरे आणि तरीहि रोग्याला रक्तस्राव न होतां उलट गुठळ्या होत! हेपॅरिन नांवाचें औषध रक्त गोठूं नये म्हणून देतात. १९५७ पासून अशा हकीकती प्रसिद्ध होऊं लागल्या कीं हेंच औषध चालू असतां कांहीं रोग्यांच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या औषधानें रक्त गोठावें, हें कोडें तीस-पस्तीस वर्षें पुरलें.

१९८८ सालीं कॅनडांत जॉन केल्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं या रोग्यांचीं प्रतिपिंडें आपल्या शेंपटानें रक्तपट्टिकेच्या त्या लहान दारावर थाप मारतात. १९९२ सालीं फ्रान्समध्यें झां आमिराल यांनीं दुसरा दुवा जोडला : प्रतिपिंडाचे हात ज्याला धरतात तें द्रव्य म्हणजे रक्तपट्टिकेच्याच पोटांतून बाहेर पडणारें एक प्रथिन, 'प्लेटलेट फॅक्टर ४', आणि त्याला बिलगलेलें हेपॅरिन. या दोघांचा गठ्ठा होतो, त्याला अनेक प्रतिपिंडें हातांनीं धरतात, आणि त्या सर्वांचीं शेंपटें एकाच वेळीं शेजारच्या रक्तपट्टिकेच्या दारांत शिरतात.

एकाच वेळीं, हें महत्त्वाचें आहे. एकटें शेंपूट दारांत अडकलें तर विशेष कांहीं घडत नाहीं. पुष्कळ शेंपटांनीं पुष्कळ दारें एकत्र ओढून आणलीं म्हणजे मात्र आंतील घंटा वाजते. दारांचीं आंतल्या बाजूचीं टोंकें जवळ येतात. तेथें असलेलीं विकरें त्या टोंकांवर फॉस्फेटची खूण उमटवितात. ती खूण पाहून 'सिक' नांवाचें विकर येऊन बसतें आणि निरोप पुढें धाडतें. शेवटीं रक्तपट्टिकेच्या अंतर्भागांतील कोठारांतून कॅल्शियम मोकळें होतें. कॅल्शियम सुटलें कीं रक्तपट्टिका आपला गोल चपटा आकार टाकून हात-पाय पसरते, पोटांतील द्रव्यें बाहेर ओतते आणि फायब्रिनोजेनचीं तीं ८०,००० मिटलेलीं दारें उघडते. बाहेर ओतलेल्या द्रव्यांत पुन्हां तेंच 'प्लेटलेट फॅक्टर ४' असतें. म्हणून प्रतिपिंडांना धरावयास आणखी खाद्य मिळतें आणि आगींत तेल पडतें.

आतां एक चमत्कार पाहा. रक्तवाहिनीची भिंत फाटली म्हणजे तिच्याखालचें कोलॅजेन उघडें पडतें, आणि रक्तपट्टिकेच्या दुसऱ्या एका दारावर थाप मारतें. दार वेगळें, पाहुणा वेगळा; पण आंतील तार तीच! तीच फॉस्फेटची खूण, तेंच सिक, तेंच कॅल्शियम. म्हणजे प्रतिपिंडाच्या शेंपटांनीं घंटा वाजविली तेव्हां रक्तपट्टिकेला वाटलें कीं कोठेंतरी नस फाटली आहे, आणि तिनें आपलें कर्तव्य इमानानें बजावलें. शाबूत नसेंत तिनें बांध घातला. तिची चूक म्हणावी तर ती कोणती? ज्या घंटेवर धांवावयास ती शिकलेली आहे तीच घंटा वाजली होती. संशोधकांना ही गोष्ट उशिरा समजण्याचें एक कारण असें कीं उंदराच्या रक्तपट्टिकेवर शेंपटाचें हें दार मुळींच नसतें. प्रयोगशाळेंतला नेहमींचा साक्षीदार या खटल्यांत कांहींच सांगूं शकत नव्हता.

हें ज्ञान पुस्तकांत पडून राहिलें असतें तर तें केवळ तज्ज्ञांपुरतें उरलें असतें. परंतु २०२१ सालीं तें एकाएकीं साऱ्या जगाच्या कामास आलें. करोनाच्या सांथीवर ऑक्सफर्ड येथें तयार झालेली व अ‍ॅस्ट्राझेनेका कंपनीची लस युरोपांत देणें सुरू झाल्यावर, फार थोड्या माणसांना लस घेतल्यानंतर एक-दोन आठवड्यांत मेंदूच्या व पोटांतील नीलांत गुठळ्या झाल्या, आणि त्याच वेळीं रक्तपट्टिका घटल्या. जर्मनींत ग्राइफ्सवाल्ड येथील आंद्रेआस ग्राइनाखर यांनीं हेपॅरिनच्या त्या विकारावर आयुष्य वेंचलें होतें. त्यांनीं व नॉर्वेंतील डॉक्टरांनीं एप्रिल २०२१ मध्यें सांगितलें कीं रोगी निराळे, हेपॅरिनचा पत्ता नाहीं, पण प्रतिपिंडें त्याच 'प्लेटलेट फॅक्टर ४' ला धरणारीं आहेत आणि थाप त्याच दारावर पडत आहे.

तीच लस आपल्याकडे कोविशील्ड या नांवानें दिली गेली, आणि ती बनविली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें. भारतांत लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजीं सुरू झालें. केंद्र सरकारच्या समितीनें त्याच वर्षीं १७ मे रोजीं जाहीर केलेल्या अहवालांत ४९८ गंभीर प्रकरणांची छाननी होती. त्यांत कोविशील्डनंतर गुठळीचा संभव असलेलीं २६ प्रकरणें आढळलीं, म्हणजे दर दहा लक्ष मात्रांमागें ०.६१. ब्रिटनमध्यें हें प्रमाण दहा लक्षांत ४ व जर्मनींत १० असें त्या अहवालांतच नमूद होतें. सांथीचा संहार लक्षांत घेतां लस घेणें हेंच शहाणपणाचें होतें यांत शंका नाहीं. परंतु ज्या घरांतला माणूस त्या दहा लक्षांतला एक होता, त्या घराला प्रमाणाचें गणित सांगून समाधान होत नाहीं. त्याला उपाय हवा असतो, आणि उपाय होता.

तो उपाय या इतिहासाचा सार आहे. हजारों निरोगी दात्यांच्या रक्तद्रवांतून गोळा केलेलीं सामान्य प्रतिपिंडें रोग्याच्या शिरेंतून मोठ्या प्रमाणांत देतात. त्यांचे हात कोणाला धरतात याच्याशीं येथें कर्तव्य नाहीं. त्यांचीं शेंपटें रक्तपट्टिकांच्या त्या लहान दारांत शिरून जागा अडवून बसतात. सुटीं असल्यामुळें तीं घंटा वाजवीत नाहींत, आणि दुष्ट प्रतिपिंडांच्या गठ्ठ्याला आंत शिरावयास वाव ठेवीत नाहींत. हेपॅरिन टाळून गुठळी रोखणारें दुसरें औषध त्याच्या जोडीला देतात. हेपॅरिनचें जुनें कोडें आधीं सुटलें नसतें, तर २०२१ च्या वसंतांत डॉक्टरांनीं गुठळी दिसली म्हणून नेहमींप्रमाणें हेपॅरिनच दिलें असतें. सेंट लुईच्या त्या डॉक्टरपासून झालेलें सत्तर वर्षांचें काम अशा प्रसंगीं उपयोगी पडलें.

आणि आपला घोडा? प्रतिविषाच्या बाटलींतील प्रतिपिंडें घोड्याचीं असतात. तीं जशींच्या तशीं माणसाला टोंचलीं तर परकें प्रथिन म्हणून शरीर फार प्रक्षुब्ध होतें. म्हणून पेप्सिन या विकरानें त्यांचें शेंपूट छाटून टाकतात आणि जोडलेले दोन हात तेवढे बाटलींत भरतात. विषाला धरून निष्प्रभ करावयास हात पुरेसे आहेत. तेथें कोणाला निरोप देण्याची आवश्यकता नाहीं. हृदयरोग्यांसाठीं बॅरी कॉलर यांच्या संशोधनांतून न्यूयॉर्कमध्यें जें अ‍ॅब्सिक्सिमॅब निघालें व १९९४ सालीं अमेरिकेंत मान्य झालें, तेंहि फायब्रिनोजेनचें दार अडविणारा प्रतिपिंडाचा नुसता एक हातच होता. जेथें धरावयाचें तेथें हात, जेथें दार अडवावयाचें तेथें शेंपूट : प्रतिपिंडाचा कोणता भाग कोठें वापरावा हें कळणें, हीच या शंभर वर्षांची मिळकत होय.

परंतु लॅमचा धडा अद्यापि पुरता अमलांत आलेला नाहीं. भारतीय प्रतिविषाच्या एका मिलिलिटरनें फुरशाचें ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ झालें पाहिजे असा दंडक आहे. तें मोजतात कोणत्या फुरशाच्या विषावर? गेलीं अनेक वर्षें देशांतील प्रतिविषासाठीं लागणारें बहुतेक विष तमिळनाडूंतील इरुळा जमातीच्या, १९७८ सालीं स्थापन झालेल्या, सहकारी संस्थेकडून येत आलें आहे. त्या लोकांचें कौशल्य वादातीत आहे. पण एकाच जातीच्या सापाचें विष प्रदेशाप्रदेशाला बदलतें हें आतां सिद्ध झालें आहे. तमिळनाडूंतील विषानें शिकविलेला घोडा तमिळनाडूंतील विषच नेमकें ओळखणार. देशांत २००० ते २०१९ या काळांत सर्पदंशानें दर वर्षीं सरासरी ५८,००० माणसें मृत्यु पावलीं असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि त्यांत बहुसंख्य खेड्यांतलीं, शेतांत राबणारीं होतीं. त्यांना मिळणारी बाटली त्यांच्या रानांतल्या सापाशीं जुळलेली असावी, ही मागणी फार मोठी नव्हे.

रक्तपट्टिकेला मित्र-शत्रु कळत नाहीं. तिला थाप कळते. कोलॅजेन असो, फुरशाचें विष असो, कीं आपल्याच शरीराचें भरकटलेलें प्रतिपिंड असो, ज्याला दार सांपडलें त्याचें काम झालें. म्हणून दारांची माहिती करून घेणें आणि योग्य त्या दारावर योग्य तो पहारेकरी बसविणें, हें माणसाच्या बुद्धीचें काम राहतें. तें ट्यूरिनच्या सूक्ष्मदर्शकाखालीं सुरू झालें, परळ व पुण्याच्या पागांतून पुढें आलें, आणि कोंकणच्या सड्यावर तें अजून पुरें व्हावयाचें आहे.